ऐकून घेणारी यमुनाक्का

यमुनाक्का कुणालाही विचारल्याशिवाय हात लावत नसे. बंगळुरात, मल्लेश्वरममधल्या आमच्या गल्लीत तिची ही खोड सगळ्यांना ठाऊक होती आणि तिच्यामागे तिची नक्कलही व्हायची. हळदीकुंकवाला बायका कपाळं पुढे करून बसलेल्या असत आणि यमुनाक्का करंडा हातात घेऊन प्रत्येकीपुढे थांबायची. "लावू?" समोरची बाई हसून "अय्यो, लावा की" म्हणाली की मगच तिचं बोट टेकायचं. गल्लीत एखादं पोर पडून गुडघा फुटला तर धावत जायची सगळ्यांच्या आधी, पण त्याच्यापुढे उकिडवी बसून विचारायची, "उचलू का रे तुला?" पोर भोकाड पसरलेलं असतानाच मान हलवायचं. मगच ती त्याला उचलायची. बायका म्हणत, टेलिफोनच्या नोकरीनं बाईचं डोकं फिरलंय, हिला आता प्रत्येक कामाला परवानगी लागते.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ट्रंक कॉल जोडून द्यायचं काम. एकोणीसशे पंचावन्न-छप्पनच्या सुमाराला आमच्या गल्लीत नोकरी करणारी बाई ती एकटीच. उंच, हाडापेरानं मोठी, जाड काचांचा चष्मा, खळ घातलेलं सुती पातळ, काखेत छत्री. बसस्टॉपकडे निघाली की पुरुषांना मागे टाकून जायची. वय चाळिशीच्या आसपास. लग्न केलं नव्हतं. घरात ती आणि तिचे म्हातारे वडील. त्यांना सगळे अज्जा म्हणत. अज्जांना ऐकू कमी यायचं, म्हणून घरात तिचा आवाज रस्त्यापर्यंत पोचायचा. एक्स्चेंजमध्ये मात्र म्हणे लोण्यासारखा मऊ. तिच्या घराण्याला बंगळुरात येऊन कित्येक पिढ्या झाल्या होत्या, त्यामुळे तिच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की ते वेगळं काढता येत नसे. "स्वल्प थांब," बरं म्हणताना "सरी सरी," आणि लहान मुलांना "मगू", म्हणजे लेकरू. आम्ही बेळगावकडचे, आम्हालाही कन्नड येत होतं, तरी माझी आई तिचं बोलणं ऐकून पदराआड हसायची.

तोंडावर मी तिला अहोजाहो करायची. मनात मात्र ती कायम 'ती'च राहिली, आणि आता इतक्या वर्षांनी लिहिताना तिला 'त्या' म्हणायला हात धजत नाही.

स्वयंपाक तिला यायचा नाही. उप्पिटात गाठी, सारात मीठ दोनदा. अज्जा मुकाट्यानं जेवायचे आणि उठताना म्हणायचे, "आज चांगलं होतं," त्यावर ती ओरडून सांगायची, "खोटं बोलू नका, मीही तेच खाल्लंय." खोटं बोललेलं तिला चालायचं नाही, मग ते तिच्या बाजूचं का असेना.

आप्पांना एका सरकारी कारखान्याच्या कचेरीत नोकरी लागली म्हणून आम्ही बंगळुरात आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. पुढच्याच वर्षी आईचा मावसभाऊ, वसंतमामा, नोकरी शोधायला आला आणि पुढच्या खोलीत राहिला. गोड बोलायचा. आईला बाजारातून भाजी आणून द्यायचा. माझं गणित कच्चं होतं, ते शिकवायचं त्यानं आपणहून अंगावर घेतलं. दुपारी आई आत झोपायची, आप्पा कचेरीत, आणि पुढच्या खोलीचं दार गणितासाठी लावलेलं. त्या दाराआड त्यानं माझ्याशी जे केलं, ते वर्षभर करत राहिला. यापुढे त्याबद्दल लिहिणार नाही. हा लेख यमुनाक्काचा आहे, त्यात त्या माणसाला एवढीच जागा पुरे.

मी बोलायची बंद झाले. एकदम नाही, थोडी थोडी. आधी शाळेत, मग घरी. अंथरूण ओलं व्हायला लागलं. आईनं डॉक्टरकडे नेलं, त्यांनी टॉनिक दिलं. आईनं सोमवार धरले. वसंतमामा सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचा, "वाढीचं वय आहे, अक्का, होईल बरी." आई त्याच्याकडे कृतज्ञतेनं बघायची.

पुढे पुढे शाळेतून आले की मी घरात न जाता यमुनाक्काच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. तिची सकाळची पाळी असली की ती त्या वेळी घरी असायची. का बसतेस, असं तिनं एकदाही विचारलं नाही. दार उघडून बघायची, "सरी" म्हणायची आणि आत जायची. थोड्या वेळानं बशीत काहीतरी आणून माझ्याजवळ ठेवायची. ती बशीही हातभर अंतरावर.

थंडीचे दिवस होते. बंगळुरात त्या दिवसांत अवरेकाळूचा हंगाम असतो. पावट्यासारख्या शेंगा, घरोघरी ढिगानं येतात, आणि बायका गप्पा मारत सोलत बसतात. यमुनाक्कानं सूप भरून शेंगा आणल्या, माझ्या शेजारी पायरीवर ठेवल्या आणि पलीकडच्या बाजूला स्वतः बसली. आम्ही दोघी रस्त्याकडे तोंड करून सोलत राहिलो. असं दोन-तीन संध्याकाळी झालं. मग एकदा रस्त्याकडेच बघत ती म्हणाली, "मगू, मी तुझ्याहून लहान होते तेव्हाची एक गोष्ट सांगू? नको वाटली तर नको म्हण, मी थांबेन."

मी मान हलवली.

"आम्ही तेव्हा कोलारला होतो. घर भरलेलं. माझ्या काकांचा मेहुणा यायचा. मला माडीवर बोलवायचा. तो जे करायचा ते मला आवडत नव्हतं, आणि त्याचं नावही मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी वाईट आहे म्हणून तो मलाच बोलवतो." शेंग सोलून तिनं दाणे वाटीत टाकले. "आईला सांगायला गेले तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मग पुष्कळ वर्षं तो हात तिथंच होता असं मला वाटायचं."

मी सोलायची थांबले होते. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"आता तुला काही सांगायचं असेल तर सांग. आज नको तर नको. मी इथंच आहे."

काय सांगितलं, कुठल्या शब्दांत, मला आठवत नाही. मध्येच मी थांबायची. ती मध्ये बोलली नाही. 'मग?' नाही, 'खरं का?' नाही. रस्त्यावरून फुलवाली ओरडत गेली, तर तिनं बोटानं नुसतं 'नको' म्हटलं आणि मान माझ्याकडे तशीच कललेली ठेवली. माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "मी तुझं सगळं खरं मानते. एक अक्षरही सोडत नाही. आणि ऐक, यात तुझं काही चुकलेलं नाही. तू दार उघडलंस, तू बसलीस, तू ओरडली नाहीस, काहीही असो. तुझं चुकलेलं नाही."

मग तिनं विचारलं, "मी तुझ्या आईला सांगायला हवं. तू येणार माझ्याबरोबर, का अज्जांजवळ बसणार? तू म्हणशील तसं. पण एक गोष्ट मी तुला विचारणार नाही. तो माणूस असेल त्या घरात तू आज झोपणार नाहीस."

मी तिच्याबरोबर गेले. तिच्या पाठीमागे, पदराच्या टोकाला धरून.

आई चुलीपाशी होती. यमुनाक्कानं उभ्यानंच सांगितलं, दोन-तीन वाक्यांत, जसं होतं तसं. आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

"काहीतरीच काय बोलताय? माझा भाऊ आहे तो. एका ताटात जेवून मोठे झालोय आम्ही."

"जेवला असाल. तरी मी सांगतेय ते खरं आहे."

"पोरीच्या डोक्यात हे आलंच कुठून?"

"डोक्यात नाही आलं, बाई. घरात आलं."

आईचा चेहरा लाल झाला. "तुम्ही लग्न न केलेल्या. तुम्हाला सगळीकडे तेच दिसत असेल."

मला वाटलं, आता यमुनाक्का निघून जाईल. ती हलली नाही. "बोला," ती म्हणाली, "मला आणखी काय बोलायचं असेल ते बोला, मी ऐकून घेते. ते झालं की एकदा तुमच्या मुलीकडे बघा. एवढंच करा."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघत होते, पण तिची नजर मला कळत होती. खूप वेळ ती बघत राहिली. मग मटकन खाली बसली. "दुपारी माझ्याजवळ झोपते म्हणून रडायची," ती म्हणाली. कुणाला सांगत होती कोण जाणे. "आणि मी हिला उठवून गणिताला पाठवत होते."

आप्पा आले. त्यांना आईनंच सांगितलं. आप्पा मितभाषी माणूस. ऐकून ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "उद्या सकाळी त्याला जायला सांगतो."

"उद्या नाही," यमुनाक्का म्हणाली. "आत्ता."

आप्पांनी पुढच्या खोलीतून मामाची ट्रंक उचलली आणि रस्त्यावर नेऊन ठेवली. मामा आला तेव्हा दिवेलागण होत होती. तो हसत म्हणाला, "भाऊजी, हे काय?" मग दारात यमुनाक्काला बघून त्याचं हसू गेलं. काहीतरी गैरसमज, मुलगी मनानं कमजोर, असं तो बोलायला लागला. यमुनाक्का दाराच्या चौकटीत उभी होती, तिथून ती हललीच नाही. तो तिच्या बाजूनं आत डोकावून आईला हाक मारत राहिला, "अक्का, अगं अक्का!" आई चुलीपाशीच बसून राहिली. शेवटी तो ट्रंक घेऊन गेला.

तो गेल्यावर आप्पा म्हणाले, "यमुनाबाई, तुमचे उपकार झाले. पण ही गोष्ट या घरातच राहू द्या."

"मुलीची गोष्ट राहू द्या, ती तिची आहे," यमुनाक्का म्हणाली. "त्या माणसाची गोष्ट मात्र मी घरात ठेवणार नाही."

ते तिनं खरं केलं, आणि ते तिला महागात पडलं. वसंतमामाला राजाजीनगरात, तेव्हा ती वस्ती नुकतीच वसत होती, गावाकडच्याच एका कुटुंबात खोली मिळाली. त्या घरात दोन मुली होत्या. यमुनाक्काला हे कळलं तेव्हा सुट्टीच्या दिवशी छत्री घेऊन ती तिकडे गेली आणि त्या घरच्या बाईला दारातच सांगून आली, की या माणसाजवळ मुलींना एकटं सोडू नका, मला हे पक्कं ठाऊक आहे. माझं नाव तिनं घेतलं नाही. बाईनं तोंडावर दार लावलं. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आमच्या गल्लीत येऊन यमुनाक्काच्या घरापुढे ओरडून गेला, ही बाई भल्या माणसांची अब्रू घेते, लोकांची घरं फोडते. गल्लीला तेवढं पुरलं. त्या वर्षी संक्रांतीला तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तिच्या घरचा तीळगूळ तसाच डब्यात राहिला. आईला सगळं ठाऊक होतं, पण आईही तिच्याकडे गेली नाही. तिला यमुनाक्कापुढे उभं राहायचीच लाज वाटत होती.

यमुनाक्का तीळ-खोबऱ्याची वाटी घेऊन पायरीवर बसून स्वतःच खात होती. मला म्हणाली, "बरं झालं, पुष्कळ उरलंय. बा बा, ये, बस."

मी विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. पण तिथं न जाता मी घरी बसले असते तर याहून वाईट वाटलं असतं."

काही महिन्यांनी राजाजीनगरची ती बाई आली. एकटीच. पायरीवर बसली, पाणी प्यायली. "त्याला काढला घरातून," म्हणाली. "मुलींना आता माझ्याजवळ घेऊन झोपते." एवढंच बोलून ती उठली. यमुनाक्का तिला कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेली आणि परत आल्यावर अज्जांच्या खुर्चीमागे उभी राहून रडली. तिला रडताना मी तेवढ्याच एका वेळी पाहिलं.

वाचणाऱ्याला वाटेल, सांगून झालं, माणूस गेला, मुलगी बरी झाली. मलाही तसंच वाटलं होतं. पण सांगितल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षंच जास्त कठीण गेली. घासून घासून अंघोळ करायची. कुणी मागून चालत आलं की भिंतीकडे सरकून उभी राहायची. गणिताचं पुस्तक उघडलं की लगेच मिटून टाकायची. आणि रागही यायचा, तोही ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांचाच. एके दिवशी मी यमुनाक्कावरच ओरडले, "तुम्ही कशाला सगळं उकरून काढलंत? कुणाला कळलं नसतं!" आणि हातातली तिची निळी कपबशी भिंतीवर फेकली. तिच्या त्या आवडत्या कपबशा होत्या. ती शांतपणे तुकडे गोळा करत म्हणाली, "छान. आवाज चांगला आलाय. पूर्वी तू रागावायचीसुद्धा नाहीस." मग जरा वेळानं, "दुसरी नको फोडू हं. अज्जा काय प्यायला घेतील?" मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू.

गणित तिनंच शिकवलं, दार सताड उघडं ठेवून, अंगणात, अज्जांच्या देखत. तिला शिकवता येत नव्हतं. ती स्वतः चुकायची, खोडायची, वैतागायची. माझी भीती मोडायला तेच उपयोगी पडलं असावं. समोरचा माणूस चुकतोय आणि "अय्यो, मला येत नाही" म्हणतोय, हे मला नवीन होतं.

मी हायस्कुलात असताना एकदा ती मला तिच्याबरोबर बाजाराला घेऊन गेली. येताना आमच्या भागात, संपिगे रोडला जायची बस खच्चून भरलेली. यमुनाक्का माझ्यापुढे उभी होती. अचानक तिनं घंटीची दोरी ओढली आणि आमचा स्टॉप नसताना उतरली. मी मागोमाग. ती एका दुकानाच्या पायरीवर बसली. चेहरा पांढरा. मी घाबरले. इतकी वर्षं मी तिला भिंत समजत होते.

"मागचा माणूस," ती म्हणाली. "त्याचं काही नसेलही, गर्दी होती. पण मला तो वास आला, कोलारच्या माडीवरचा. बघ मगू, माझी पंचेचाळिशी उलटली. अजून होतं."

"मग कधी जातं?"

तिनं विचार केला. मला धीर द्यायला म्हणून ती काही बोलणार नाही, हे मला माहीत होतं. "पूर्ण जातं का, मला ठाऊक नाही. पूर्वी असं झालं की आठवडा जायचा. मी अंथरुणातून उठत नसे. आता एक कॉफी लागते. चल."

आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. तेव्हा बायकांसाठी आतल्या बाजूला पडदा लावलेली फॅमिली रूम असायची. वेटरनं तिकडे बोट दाखवलं. यमुनाक्का बाहेरच, मधल्या टेबलावर, पंख्याखाली बसली.

"अम्मा, फॅमिली तिकडे," वेटर म्हणाला.

"तिथं वारा येत नाही. आम्हाला इथं दोन कॉफी आणि दोन मसाला दोसे आण."

"पण इथं सगळे पुरुष बसतात."

"बसू दे की, मी कुठं नको म्हणतेय?"

सगळं हॉटेल आमच्याकडे बघत होतं. माझी मान खाली. कप ओठाशी नेताना तिची कॉफी बशीत सांडली. ती बशीतली कॉफी तिनं तशीच फुंकून प्यायली आणि मला म्हणाली, "मान वर कर, दोसा दिसणार नाही तुला." त्या दिवशी कॉफी पिता पिता तिनं मला तिच्या पहिल्या दिवसांचं सांगितलं. एक्स्चेंजमध्ये लागली तेव्हा तिला कुणी शेजारी बसलेलं चालायचं नाही, ती खुर्ची ओढून दूर घ्यायची. तिथं नव्या मुलींना शिकवणारी एक अँग्लो-इंडियन बाई होती. तिनं एकदा चहाच्या सुट्टीत विचारलं, काय झालं होतं तुला? यमुनाक्कानं जन्मात पहिल्यांदा सगळं सांगितलं, ते तोडक्यामोडक्या इंग्रजीत. "मराठीत, कन्नडमध्ये मला ते शब्द तोंडातून निघाले नसते. इंग्रजीत वाटलं, दुसऱ्याच कुणाचं सांगतेय. तिनं ऐकून घेतलं. मध्ये बोलली नाही. मी तिच्याकडूनच शिकले." मग बिल चुकवून ती उठली आणि आम्ही पुढच्या बसनं घरी आलो. तीही भरलेलीच होती.

आई आणि यमुनाक्का यांचं कधी जुळलं, मला नेमकं सांगता येणार नाही. एके दिवशी शाळेतून आले तर आई तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिला उप्पिटाचा रवा भाजायला शिकवत होती. "एवढ्या आचेवर नाही हो!" असं आई ओरडत होती आणि यमुनाक्का "सरी, सरी" म्हणत होती. त्या दोघींमध्ये माफीबिफी मागण्याचं काही झालं असेल तर मी नसताना झालं.

मी कॉलेजात असताना माझ्या मावसबहिणीचं लग्न बंगळुरातच एका छत्रात, म्हणजे मंगल कार्यालयात, झालं. यमुनाक्काला आईनं स्वतः जाऊन बोलावणं केलं होतं. जेवणाच्या पंगती बसत होत्या, आणि समोरून वसंतमामा आला. बारा गावची माणसं त्याच्याभोवती. केस पिकलेले, उपरणं, चेहऱ्यावर तेच हसू. एका मावशीनं मला दंडाला धरून पुढे केलं, "अगं, मामा आलेत, नमस्कार कर." त्यानं आशीर्वादाला हात वर केला.

माझ्या कानात सगळा आवाज बंद झाला. मग मला माझाच आवाज ऐकू आला. "नाही. मी करणार नाही."

मावशी म्हणाली, "काय गं हे? मोठ्यांशी असं वागतात?"

"ती करणार नाही," मागून आवाज आला. आई होती. पंगतीत वाढत होती, हातात वरणाचं भांडं. सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात ती मामाला म्हणाली, "आणि तू तिच्यापुढं उभा राहू नकोस. तुला का ते ठाऊक आहे. कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा, मी सांगेन."

कुणी विचारलं नाही. मामाचा वर केलेला हात हळूहळू खाली आला. तो जेवायला थांबला नाही.

आई वरणाचं भांडं घेऊन परत पंगतीकडे वळली आणि पुढच्या पानावर वाढायला लागली. तिचे खांदे हलत होते. मी यमुनाक्काला शोधलं. ती पंगतीत बसून होळिगे खात होती, पुरणाच्या पोळीसारखी, तुपात भिजवून. नंतर मी तिला म्हटलं, "अक्का, तुम्ही उठला नाहीत?"

"उठणारच होते. अर्धी उठले होते. मग तुझी आई उभी राहिलेली दिसली. म्हटलं, आता माझं काय काम? होळिगे कशाला गार करायची?" आणि चष्मा काढून तिनं बराच वेळ पुसला.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी तिला विचारायला गेले, सांगायचं का त्यांना? ती म्हणाली, "ते तुझं आहे. द्यावंसं वाटलं तर दे, नाहीतर देऊ नकोस. सांगितलं नाहीस म्हणून तू खोटी होत नाहीस. पण ज्याला सांगशील तो ऐकून घेणारा आहे का, ते आधी छोट्या गोष्टीत बघ." मी बघितलं. लग्नानंतर वर्षभरानं सांगितलं. माझ्या नवऱ्यानं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, "मी काय करू?" मी म्हटलं, "काही नको. बस इथं." तो बसला. त्या क्षणी मला कळलं, मी बरी झाले आहे. पूर्ण नाही. यमुनाक्का म्हणायची तेवढी.

आम्ही धारवाडला राहायला गेलो. मुलगी झाली. यमुनाक्का निवृत्त झाली, अज्जा गेले. पुढे ती गेली तेव्हा झोपेत गेली, आणि मला तार मिळून मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आईनंच सगळं केलं होतं, सख्ख्या बहिणीसारखं. त्यामुळे मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या पावसाळ्यात, मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर.

त्या दोघी जोगचा धबधबा बघायला निघाल्या होत्या. आई आणि यमुनाक्का, दोघीच. आप्पांना गुडघेदुखी, ते येणार नव्हते. आईनं आयुष्यात नवऱ्याशिवाय कधी प्रवास केलेला नव्हता. मी माहेरपणाला आले होते, पोरीला कडेवर घेऊन पोचवायला गेले. बसमध्ये चढल्याबरोबर खिडकीवरून दोघींची जुंपली.

"मला मळमळतं, मी खिडकीशी बसणार," आई म्हणाली.

"मळमळणाऱ्यानं डोळे मिटायचे असतात. खिडकी बघणाऱ्याला द्यायची."

"तिकिटं मी काढली."

"अर्ध्या वाटेपर्यंत मी, मग तुम्ही. सरी?"

"आधी मी."

कंडक्टर कंटाळून म्हणाला, "अम्मा, बसा कुठंतरी." आई खिडकीशी बसली. यमुनाक्का तिच्यावरून ओणवी होऊन खिडकीतून डोकं बाहेर काढून माझ्या मुलीशी बोलत राहिली. बस सुरू झाली तरी तिचं बोलणं संपेना. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मी कानावर हात ठेवून विचारलं, "काय?" तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, हातवारे करून. तेही ऐकू आलं नाही. तेवढ्यात आईनं आतून काहीतरी म्हटलं असावं, कारण ती मान मागे टाकून हसली, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला, आणि बस वळणावर फिरेपर्यंत खिडकीत त्या दोघींची हसणारी डोकी मला दिसत राहिली.